हार घातलेला कम्प्युटर

वर्ध्यातल्या एका पतसंस्थेच्या वेबसाईटचा सर्व्हर मयुरी सांभाळायची. सभासदांच्या माहितीला कुलूप घालणारी त्यावरची जुनी पद्धत पार कुचकामी झाली होती, आणि ती बंद करू द्या म्हणून मयुरी वर्षभर मॅनेजर वासुदेवरावांच्या मागे लागली होती. पण त्यांच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या कम्प्युटरला नवी पद्धत झेपत नव्हती, म्हणून वासुदेवराव हटून बसले होते.

"त्या जुन्या दारानं मी एकटाच येतो-जातो," ते म्हणायचे. "दुसरं चिटपाखरू फिरकत नाई तिथं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात पूजा झाली. रिवाजाप्रमाणे सकाळीच सगळे कम्प्युटर बंद केले होते, आता दसरा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावणार नव्हतं. वासुदेवरावांनी आपल्या कम्प्युटरला स्वतः हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. इकडे प्रसाद वाटणं चालू असतानाच मयुरीने मोबाईलवरून सर्व्हर तपासला आणि कोणालाही न विचारता जुनी पद्धत बंद करून टाकली, आणि तसं वासुदेवरावांना सांगितलं.

"मले न विचारता काऊन बंद केलं?" वासुदेवराव सगळ्यांसमोर कडाडले. "नोकरी करायची हाय का नाई तुले?"

मयुरीने मान खाली घातली नाही. सर्व्हरवर कोण कधी आलं त्याची नोंद उघडून मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

 

"नोकरीचं मंग पाहू, साहेब. तुमचा कम्प्युटर तर सकाळपासून हार घालून बंद हाय. मंग आत्ता त्या जुन्या दारानं, तुमच्याच नावानं, आत कोण बसलं होतं?"