पहिल्या रविवारचा उपवास

साबुदाण्याची खिचडी गार झाली तरी उर्वीने चमचा उचलला नाही.

"अगं, उपवासाचीच आहे," सुमेधा म्हणाली. "दाण्याचं कूट, जिरं, तूप. मीठसुद्धा सैंधव घातलंय."

"आई, आमच्या उपवासाला काहीच चालत नाही. पाणी पण नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो."

तो 'आमच्या' सुमेधाला बोचला. निर्जळी तिला एकच ठाऊक होती, हरतालिकेची.

"कोणासाठी करतेयस? कुणी मुलगा आहे का त्या चर्चमध्ये?"

"नाही गं!" उर्वी हसली, पण कोणासाठी ते काही तिने सांगितलं नाही.

थोड्या वेळात दोन मिशनरी मुली गाडी घेऊन तिला न्यायला गिरावीन उपनगरातल्या या घरी येणार होत्या. सभा संपली की तिचा बाप्तिस्मा. युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला असलेली पोरगी परवानगी मागत नव्हती, आईबाबांना फक्त 'या ना' म्हणत होती. सुमेधाचा नवरा पद्माकर जाणार नव्हता. तो वाद घालायच्या तयारीत बसला होता. उर्वीच्या चर्चवर, म्हणजे मॉर्मन लोकांवर, टीका करणारे व्हिडिओ त्याने महिनाभर पाहिले होते. एवढा अभ्यास त्याने सिटिझनशिपच्या परीक्षेलाही केला नव्हता.

"ज्या सोन्याच्या पत्र्यांवरून तुमचा ग्रंथ उतरवला म्हणतात, ते कुठे आहेत?" त्याने सुरुवात केली. "दाखव मला."

"देवदूताने परत नेले."

"सोयीचं आहे."

"बाबा, रेड्याने वेद म्हटले हे मला तूच सांगायचास. त्याचं रेकॉर्डिंग आहे का?"

पद्माकरने तो विषय सोडला. "तुमच्या संस्थापकाला किती बायका होत्या, माहीत आहे?"

"माहीत आहे. चर्च स्वतःच मान्य करतं. वाचून मला पण झोप नव्हती लागली. आता कुणी दुसरी केली तर त्याला काढून टाकतात."

"आणि १९७८ पर्यंत काळ्या माणसांना पुरोहित होता येत नव्हतं. तू काय स्वतःला गोरी समजतेस?"

"ते चूकच होतं. मी विचारलंय त्यांना. पण आपल्याकडे गाभाऱ्यात कोणाकोणाला जाऊ देत नव्हते, बाबा?"

सुमेधाला दोघांचंही पटत होतं आणि त्याचीच धडकी भरत होती. पद्माकरचा मुद्दा लागला की उर्वीचा आवाज थंड व्हायचा, उर्वीचा लागला की त्याचा चढायचा. कोण जिंकतंय याच्याशी सुमेधाला काही देणंघेणं नव्हतं. पोरगी अशीच पाठ फिरवून गेली आणि परत आलीच नाही तर? तिने हात पदराला पुसावेत तसे कुर्त्याला पुसले.

"पुरे करा रे दोघं," ती म्हणाली. "उर्वी, आज आम्हाला येता येईल म्हणतेस ना? मग तुझ्या लग्नालाही येता येईल?"

इतका वेळ फाडफाड बोलणारी उर्वी आता एकेक शब्द जपून बोलली.

"रजिस्टर लग्न सगळ्यांसमोर करता येतं, आई. पण खरं लग्न, मेल्यावरही टिकणारं, टेंपलमध्ये असतं. तिथे फक्त मेंबर्सना जाता येतं."

"आणि आईबाप?"

"बाहेर वेटिंग रूम आहे." मग घाईघाईने, "छान आहे."

सुमेधाला ती वेटिंग रूम लख्ख दिसली. शालू नेसून ती सोफ्यावर बसली होती, अक्षता मुठीत होत्या आणि समोरचं दार बंद होतं.

पद्माकरला मात्र नवा मुद्दा सापडला. "ऐकलंस? कुटुंब कायमचं म्हणे, आणि आईबापांना दाराबाहेर बसवतात! वर मेलेल्यांनाही बाप्तिस्मा देतात. त्या बिचाऱ्यांना कधी विचारलंत का?"

उर्वी उठली आणि दारापाशी जाऊन बूट घालायला लागली. "तू आजोबांचं श्राद्ध करतोस. विचारतोस त्यांना?" तिचा आवाज कापत होता. "दर वर्षी पान वाढून झालं की तूच म्हणतोस ना, आम्हाला एकच मुलगी, आमच्या मागे हे कोण करणार? मी करीन. तुम्ही गेलात की तुमच्या नावाने मी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेईन. मग आपण तिघं कायमचे एकत्र. आजचा उपवास तुमच्यासाठीच आहे, कळलं?"

बाहेर गाडी थांबली. लांब स्कर्टमधल्या, छातीवर नावाची पट्टी लावलेल्या दोन मुली उतरून फाटकाशी आल्या.

"आमची इच्छा नसली तरी?" पद्माकरने विचारलं. त्याच्या आवाजात आता व्हिडिओंतला सूर नव्हता.

"असं कसं? मेल्यावर तिकडे तुम्हाला विचारतात. नको असेल तर नाही म्हणता येतं."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

बेल वाजली. उर्वी एका पायात बूट घालून तशीच उभी राहिली. सकाळपासून सुमेधाला जी भीती वाटत होती, तीच आता लेकीच्या चेहऱ्यावर होती.

"म्हणू नकोस ना, बाबा," ती म्हणाली.