छातीच्या उंचीवर

राखीव जंगलातल्या प्रत्येक झाडाला आम्ही छातीच्या उंचीवर खिळा ठोकून नंबराचा पत्रा लावतो. नंबर असलेलं झाड तोडायला ठेकेदार धजत नाहीत.

त्या सकाळी मी खिळा ठोकला की आतल्या झाडीतून तसाच ठोका ऐकू येई.

"प्रतिध्वनी असेल, ताई," सोबतचा वनरक्षक म्हणाला.

मी हातोडी खाली ठेवली. ठोके चालूच राहिले.

"तुमच्याहून कामसू दिसतंय कुणीतरी. बघून येतो." तो हसत आत शिरला.

थोड्या वेळाने त्याची किंकाळी आली. त्यानंतरही ठोके सावकाश पडत राहिले.

मी धावले. तो एका खोडाला खिळलेला होता. शर्टावर रक्त पसरत होतं आणि छातीवर पत्रा होता, माझ्या शेवटच्या झाडानंतरच्या नंबराचा.

"ताई, हलू नका," तो कसाबसा म्हणाला. "झाडं तुमची उंची मोजतायत."