जावेच्या दुकानाची झडती

धाकटी जाऊ माझ्याच शाली आपलं लेबल लावून विकते, असा माझा वहीम होता. म्हणून मी माझ्या लोकरीतच कृत्रिम डीएनएची, डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळून घेतली आणि तपासनिसाला घेऊन भर गिऱ्हाइकीत तिच्या दुकानात धडकले. त्याने एकेका शालीवरून ती खूण ओळखणारं यंत्र फिरवलं. यंत्र ढिम्म.

"झालं समाधान, जाऊबाई? आता सगळ्यांसमोर माफी मागा," जाऊ फणकारली.

तेवढ्यात यंत्र तिच्या खांद्याजवळ गेलं आणि केकाटलं. तिने अंगावरची शाल घाईघाईने आवळली.

"थंडी वाजते हो," ती पुटपुटली.

मी लगेच माफी मागितली, पार दारातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशी.

"चुकलंच माझं! माझी शाल इथे विकायला नाहीच मुळी, नुसती मालकिणीच्या अंगावर आहे!"