कार्बनची कांडी

टणकन काहीतरी फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. बटणांचा डबा उपसून बसलेल्या आचलनं बोटाएवढी काळी कांडी उचलली. “हे काय व्हय वं, आई?” “कार्बन,” मी म्हटलं. “तुहे आबाजी अकोल्याच्या टॉकीजमधी सिनेमाची मशीन चालवत. करंट सोडून अशा दोन कांड्या टेकवाच्या, मंग जराशा दूर कराच्या. मधातल्या फटीत लख्ख उजेड पडे.” “मंग?” “कांड्या जळत, फट वाढत जाय. आबाजी हँडल फिरवून त्यायले जवळ आणत. डुलकी लागली का पडदा काळा आन् पब्लिकच्या शिव्या!” आचल खदखदून हसली. मग तिची नजर मोबाईलकडे गेली. सकाळीच तिच्या पप्पांनी सुरतेहून कळवलं होतं, यंदाही पोळ्याला सुट्टी नाही. हल्ली आम्हा नवराबायकोचं फोनवरचं बोलणंही चार वाक्यांत संपतं. तिनं कांडी माझ्या हातात ठेवली. “पप्पाले जवळ आणाचं हँडल कोनापाशी हाय?”