पट्टीला पट्टी

"ही पट्टी माझी नाही," अंगणातल्या चटईवर मांडलेल्या पट्ट्यांवरून बोट फिरवत कोर्कु म्हणाला. "माझ्या काठाला अशी सफाई आता राहिली नाही."

त्याच्या लेकीच्या, झिफाच्या हातातली सुई थबकली.

तिच्या लग्नाचं कापड होतं ते. अगोतिमे भागात चार बोटं रुंद पट्ट्या विणतात आणि कडेला कड लावून शिवतात. चौकडे एका रेषेत आले तर कापड, नाहीतर चिंध्या. म्हणून एक कापड एकाच हातानं विणायचं, कारण धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका प्रत्येकाचा वेगळा. पण यंदा आजारपणात कोर्कुचा डावा हात लुळा पडला, ठोका ढिला झाला आणि तशाच ठोक्यानं निम्म्या पट्ट्या विणून त्यानं माग सोडला. लग्न तर तोंडावर आलेलं. उरलेल्या पट्ट्या झिफानं गुपचूप सेन्यो काकाकडून विणून घेतल्या. त्या आज सकाळीच आल्या होत्या.

सेन्यो म्हणजे कोर्कुचा धाकटा भाऊ. आजोबांच्या मागावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. 'जोड' हा शब्द कोर्कु कापडाला वापरी, मोडलेल्या हाडाला वापरी, सोयरिकीलाही वापरी. भावाच्या बाबतीत मात्र कधीच नाही. लग्नाचं बोलावणंही त्याला नव्हतं.

"सेन्योची ना?"

"हो, बाबा."

"डोकं फिरलंय तुझं! त्याच्याइतका घट्ट ठोका गावात कुणाचा नाही. त्याचे चौकडे आखूड येणार. जोड बसायची कशी? भर मांडवात हसं होईल माझं!"

झिफानं काकाची पट्टी बापाच्या पट्टीला लावली. चौकड्याला चौकडा भिडला. दुसरी लावली, तीही तशीच.

कोर्कुनं पट्टी उजेडात धरली. विणीतून ऊन झिरपत होतं.

"हा ठोका त्याचा नाही," तो पुटपुटला. "हा माझा आहे. आजारपणानंतरचा. ज्या हातावर त्याचं नाव चालतं, तोच ढिला केला गाढवानं. पण त्याला कळलं कसं?"

"काका रोज आपल्या कुंपणाजवळून जातात ना..."

"मिरवायला जातो मेला!"

"त्यांची बाजाराची वाट पलीकडून आहे, बाबा. ते थांबून तुमचा माग ऐकायचे. बंद पडला तरी येतात अजून."

कोर्कुचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत. सावली कुठवर आली ते पाहिलं आणि झिफाच्या हातातली सुई काढून घेतली.

"जा, फाटक उघड. त्याच्या यायची वेळ झालीय."