हॉलबाहेरचे बूट

काउबॉयच्या चित्रांचं म्युझियम, रविवारी दुपारी गाण्याचा कार्यक्रम. वसुधाकाकूंनी हॉलच्या दाराबाहेर सँडल काढल्या.

"काकू, अमेरिकेत असं कोणी काढत नाही," मी म्हटलं.

"गाण्याला बसताना मी काढते."

गायकाने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. स्टेजमागच्या चित्रातले सात घोडेस्वार नदी ओलांडताना बुडाले, त्यांचं. कार्यक्रम संपला, हॉल रिकामा झाला, आम्ही सगळ्यांत शेवटी निघालो.

दाराबाहेर, काकूंच्या सँडलशेजारी, बुटांचे सात जोड ओळीने मांडलेले होते. चामड्यातून पाणी ठिबकत होतं.

"बघ, काढतात की," म्हणत काकू खाली वाकल्या. सँडलचा पट्टा काही लागेना.

मागे, रिकाम्या हॉलमध्ये, ओली अनवाणी पावलं दाराकडे यायला लागली.