तिसरं पान

हिंगोलीच्या कॉलेजात चौऱ्याहत्तर साली सरांनी गणित घातलं: पाच सारखे पेरू चौघांत किती प्रकारे वाटता येतील? एखाद्याला शून्य मिळाले तरी चालेल. मग त्याला मोजायचंच कशाला, म्हणून मी चिडले. रविवारी माय कालव्याच्या कामावर न्यायच्या भाकरी फडक्यात रचत होती. एकाचा वाटा झाला की वर पळसाचं पान, मग दुसऱ्याचा. पाच भाकरी, तीन पानं, आठ जागा. पानांच्या तीन जागा निवडल्या की झाली वाटणी! छप्पन्न प्रकार! अख्खं गणित फडक्यात होतं. मग दिसलं, दोन पानं एकमेकांना चिकटलेली, मध्ये भाकरच नाही. "माय, आपण तिघंच, तू, मी अन् दादा. एक पान जास्ती झालं." "अन् तुझा बा?" बा वारून वर्ष झालेलं. मायनं पानांवरून हात फिरवला. "भाकर लागत न्हाई म्हून त्याला मोजायचंच न्हाई व्हय?"